साडेतीन चरणांचे इंजिन

सांगलीला परतून पंधरवडा झाला, तरी माझ्या निळ्या इरकली साडीच्या निऱ्यांमध्ये भिलाईची लाल माती अजून आहे. दोनदा धुऊनही ती निघाली नाही. तिसऱ्यांदा धुवायची नाही, असे मी ठरवले आहे. ज्यांनी ते गाव पाहिलेले नाही त्यांना त्याचे नाव उच्चारताच धूर, लोखंड आणि भट्टी एवढेच दिसते. मलाही तेच दिसत असे. तिथे मी चार दिवस होते. भट्टी पाहिली ती लांबून, संध्याकाळच्या आभाळाला चढलेल्या तांबूस रंगातून. जवळून पाहिले ते एका जुन्या डिझेल जीपचे इंजिन. सारी नोकरी वृत्ते आणि छंद शिकवण्यात घालवलेल्या बाईने प्रवासाहून येऊन इंजिनाविषयी लिहावे, याचे माझ्या इथल्या मैत्रिणींना हसू येते. येऊ दे.

गुरुवार, स्मृति नगर

दुर्ग स्थानकावर मला घ्यायला सुनंदाची मुलगी पल्लवी आली होती. चरोद्याच्या रेल्वे यार्डात मालगाड्यांचे डबे दुरुस्त करण्याच्या कामावर ती आहे. घट्ट बांधलेले केस, नखांच्या कडांना वंगणाची काळी रेघ, आणि हसणे असे की सारा फलाट उजळावा.

"जय भीम, मावशी! सामान पीछे ठेवा, अन् हँडल पकडून बसा हं. इसका झटका थोडा कडक है."

स्थानकाबाहेर ती जीप उभी होती. मळका हिरवा रंग, कापडी छत, आणि चाके माझ्या कमरेपर्यंत पोचणारी. बॉनेटच्या बाजूने निघालेली एक जाड लोखंडी नळी पुढच्या काचेच्या कडेने थेट छतापर्यंत गेली होती. पाण्याखाली बसलेल्या माणसाने श्वासासाठी तोंडात धरलेल्या कमळाच्या देठासारखी. पल्लवीने किल्ली फिरवली आणि झाडावरचे कावळे उडाले.

"बाबांनी सायलेन्सरचं पोट रिकामं केलंय," ती ओरडून सांगू लागली. "म्हणतात, इंजिनले मोकळी साँस घेऊ द्या!"

भिलाईचे रस्ते रुंद आहेत आणि झाडे त्यांच्याहून उदार. थंडीतले ऊन पानांतून गाळून खाली येत होते. आमच्याकडच्या कृष्णाकाठच्या काळ्या मातीला ऊन लागले की ती घट्ट मिटते. इथली तांबडी माती मात्र उन्हात सैल होते, उठते आणि अंगावर येऊन बसते. स्मृति नगरात पोचलो तेव्हा सुनंदा फाटकाशी काठी टेकून उभी होती. एम.ए.च्या वर्गात ती माझ्या शेजारी बसायची. माझ्या वडिलांची बदली झाल्यामुळे ती दोन वर्षे मी नागपुरात होते. पुढे ती लग्न होऊन भिलाईला आली. आमची पत्रे सुरू राहिली, भेट मात्र राहून गेली. आता दोघी रडणार असे मला वाटले होते. पण इंजिन चालूच असल्याने तिला तिचे पहिले वाक्य तीनदा म्हणावे लागले, आणि आम्ही हसत सुटलो.

"कावून वं वसू, सांगलीवरून यायले इतके वर्ष लागतात का?"

तिचे यजमान, मेश्राम भाऊजी, पायरी उतरून आले. उंच, ताठ माणूस. तळहात एवढे रुंद की माझी बॅग त्यांत खेळण्यातली वाटली. मी काही बोलले की ते माझ्या डोळ्यांकडे न पाहता ओठांकडे पाहत, आणि मग जे विचारलेच नव्हते त्याचे अतिशय आदबशीर उत्तर देत.

"यायले ऐकू कमी येते," स्वयंपाकघरात सुनंदा म्हणाली. "कानाची मशीन आणून देली, ते कपाटात हाय. म्हणतात, मले सगळं ऐकू येते, तुमीच लोकं हळू बोलता."

चौतीस वर्षे भाऊजी प्लांटच्या हवाघरात होते. मोठमोठे पंखे लोखंडाच्या भट्टीला वारा पुरवतात, ती ही इमारत. सरकारी नाव इंग्रजी असले तरी सुनंदाच्या घरात तिला हवाघरच म्हणतात. भट्टी मंदावली की फोन यायचा, 'हवा वाढवा', आणि भाऊजी हवा वाढवायचे. त्या गर्जनेत काम करणाऱ्यांचे कान हळूहळू उतरतात. पण ते एकमेकांशी हातांनी बोलायला शिकतात, आणि यंत्राच्या अंगावर तळहात ठेवून त्याची तब्येत ओळखतात.

जेवायला भात, तिवऱ्याची, म्हणजे लाखेची, कोवळी पालेभाजी आणि विस्तवावर भाजून वाटलेल्या टोमॅटोची चटणी होती. आमच्याकडे भाकरीशिवाय पान वाढले असे वाटत नाही. इथे भाताला भाकरीची गरजच पडत नाही. या घरात आणखी एक गोष्ट मला दिसली. मराठी ही चपला काढून बोलायची भाषा आहे. उंबऱ्याबाहेर पल्लवी हिंदी, शेजारीण हिंदी, भाजीवाली छत्तीसगढी. आत आले की सगळ्यांच्या तोंडी वऱ्हाड-नागपूर.

जेवताना सुनंदाने मला येत्या रविवाराविषयी सांगितले. हवाघरातली जुनी माणसे दर हिवाळ्यात एका रविवारी शहरापासून लांब, राजहऱ्याकडच्या वाटेवरील एका टेकडीवर जमतात आणि तिथे चूल मांडतात. टेकडीची वाट उभी, मुरमाची.

"लग्न झालं त्या वर्षापासून जाऊन राहिली मी. पल्लवी पोटात होती तवाही चढली. आता दोन वर्ष झाले, हे गुडघे. गाडी अर्ध्यात दम टाकते, आमी दोघं खाली पळसापाशी बसतो, लोकं वर जेवतात अन् वरून आमाले डबा येते." तिने भातावर चटणी आपटत 'डबा' हा शब्द उच्चारला. "मागच्या वेळी म्हणे खुर्चीत बसवून उचलून नेतो. मी म्हटलं, मी काय मूर्ती हाव का मिरवणुकीतली? औंदा गाडीनं नेलं तर येईन. नाही नेलं, तर पुढच्या वर्षीपासून घरीच बरी. अन् मी नाही तर हेही जाणार नाहीत. इतक्या वर्षांचे सोबती, तेही सुटतीन."

भाऊजींनी तिच्या ओठांवरून सारे वाचले होते. ते म्हणाले, "चढन. या वेळेस चढन. मी हवेचा पाइप आणखी मोठा करून राहिलो."

"बाबा, पाइप नाही, टर्बो लावावं लागन," पल्लवी म्हणाली. "रायपूरमध्ये पुराना मिल जाएगा."

टर्बो म्हणजे काय, हे तिने मला चमच्याने ताटात रेघा ओढून समजावले. बाहेर निघालेल्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते आणि ते इंजिनात आणखी हवा कोंबते. जाणारा श्वास येणाऱ्या श्वासाला बळ देतो, ही कल्पना मला फार आवडली. सुनंदा मात्र ताट उचलत म्हणाली, "बापही हवा, पोरगीही हवा. घरभर नुसती हवा."

शुक्रवार, अंगणात

सकाळी सुनंदाची वंदना आटोपली. बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती तेवत होती, अंगणातल्या मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडाची बारीक फुले चहाच्या कपात पडत होती. भाऊजींनी जीप सुरू केली. मागून पांढुरका धूर निघाला आणि दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांत शिरला.

"घ्या! माझ्या लुगड्यायले पुन्हा डिझेल पाजा," सुनंदा कपडे ओढत म्हणाली. "दोन वर्ष झाले सांगून राहिली, या धुराले कच्च्या तेलाचा वास येते. पण माझं ऐकते कोण?"

तिने माझ्यापुढे पातळ धरले. खरेच, जळलेल्या इंधनाचा तो करपट वास नव्हता. दिव्यात तेल ओतताना येतो तसा गार, ओला वास होता.

मी पायरीवर बसून राहिले. इंजिन जागच्या जागी संथ चालले होते, आणि नकळत माझी बोटे बशीच्या काठावर ठेका धरू लागली. तीस वर्षांच्या सवयीला इलाज नसतो. विद्यार्थी ओळ म्हणू लागला की माझी बोटे आधी ऐकतात. धक्, धक्, धक्, आणि मग एक खालावलेला, अर्धवट आघात. पुन्हा तीन भरदार, पुन्हा एक तोकडा. मी डोळे मिटले. तीन चरण पुरे आणि चौथा आखूड. ही तर ओवी!

"सुनंदा, तुमची जीप ओवी म्हणते आहे," मी म्हणाले.

ती थांबली. तिने कान दिला. जात्यावर गाणाऱ्या आईच्या मांडीवर ती वाढलेली; तिला समजावून सांगावे लागले नाही. "अवं माय," ती म्हणाली, "साडेतीनच हाय की!"

पल्लवी चहाचा कप घेऊन बाहेर आली होती. आमचे बोलणे ऐकून ती हसली, मग हसता हसता थबकली. "मावशी, एक मिनट. इसमें चार सिलिंडर हैं. चार ठोके एकसारखेच पाहिजेत."

भाऊजी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला. "थरथर हाय थोडी. पण ते खालचे रबर जुने झाले म्हणून. आवाज तर एकसारखा हाय."

"तुमाले," सुनंदा म्हणाली.

मला वाटले, आपण येथे पाहुण्या आहोत, उठून आत जावे. भाऊजींनी तळहात बॉनेटवरून उचलला नाही. मग ते माझ्याकडे वळले आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "वसूताई, तुमी ऐका. मी एकेक नट ढिला करतो. इंजिन लंगडलं तर हात वर करा. काही फरक नाही पडला तर हात खालीच ठेवा."

ही जुनी तपासणी आहे, असे पल्लवीने मला सांगितले. प्रत्येक सिलिंडरकडे तेलाची एक बारीक नळी जाते. तिचा नट किंचित सैल केला की त्या सिलिंडरचे तेल तुटते. तो काम करणारा असेल तर इंजिन अडखळते. आधीच निकामी असेल तर इंजिनाला काही कळतही नाही. तिने मला चष्मा नीट लावायला सांगून दोन पावले मागे उभे केले. तेवढी काळजी घेऊनही एक थेंब उडालाच आणि माझ्या पांढऱ्या साडीवर कायमचा राहायला आला.

पहिला नट. इंजिन अडखळले, माझा हात वर. भाऊजींनी मान हलवली, नट कसला. दुसरा नट, पुन्हा तीच ठेच, पुन्हा हात वर. तिसऱ्या नटावर त्यांचा पाना फिरला, आणि मी वाट पाहिली. ओवी जशी होती तशीच चालली होती. तीन पुरे, एक अपुरा. माझा हात मांडीशीच राहिला. चौथ्यावर पुन्हा वर गेला.

भाऊजींनी पाना खाली ठेवला, हात पुसले. "तीन नंबर," ते म्हणाले. "तेल जाते, पण जळत नाही." आणि मग, स्वतःशीच, "मी दोन वर्ष हवाच देऊन राहिलो."

त्यांच्या चेहऱ्यावर खंत शोधण्याची माझी तयारी होती. पण तिथे हसू होते, फसलेल्या माणसाचे मोकळे हसू. ते सुनंदाला म्हणाले, "तुह्या लुगड्यायले दोन वर्षांपासून ठाऊक होतं."

"लुगड्यायले कोण विचारते?" ती म्हणाली, पण तिचे डोळे चमकत होते.

सिलिंडर रांगेने पेटत नाहीत, ही माहितीही मला त्या सकाळी मिळाली. त्यांचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो. मी पल्लवीला म्हणाले की मग तोकडा चरण खरे तर मध्येच येतो. ती म्हणाली, "गोल गोल फिरणाऱ्या गोष्टीत मध्य कौनसा, मावशी?" जात्याचेही तसेच असते. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

दुपारी आणखी एक नवल घडले. भाऊजी कपाटाशी गेले, डबीतून कानाची मशीन काढली, आरशात पाहून बसवली आणि बाहेर जाऊन जीप सुरू केली. दुसऱ्या क्षणी ती बंदही केली.

"बाप रे! एवढा आवाज असते?" ते दारात येऊन म्हणाले. "शेजाऱ्यापाजाऱ्यायनं मले कावून काही नाही म्हटलं?"

"म्हटलं," सुनंदा भाजी निवडत म्हणाली. "दोनदा घरी येऊन म्हटलं. तुमी त्यायले चहा पाजून वापस पाठवलं."

संध्याकाळपर्यंत सायलेन्सर पूर्ववत बसला. समोरच्या घरातल्या बाईंनी आमच्याकडे एक वाटी गाजराचा हलवा पाठवला. का, ते कोणी विचारले नाही.

शनिवार, नेहरू नगर

डिझेलचे पंप दुरुस्त करणारे साहूजी राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला, एका कोचिंग क्लासच्या खाली बसतात. वरून मुलांच्या पाढ्यांसारखी सूत्रे ऐकू येतात आणि खाली साहूजी, एका लहानशा बाकावर, सोनाराच्या एकाग्रतेने काम करतात. त्यांनी जीपमधून काढलेली चार इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरात तेल फवारणारी बोटभर लांबीची चार नोझले, फडक्यावर मांडली. एकेक यंत्राला जोडून ते दांडा दाबत गेले.

पहिल्यातून धुके निघाले. दुसरा शब्द मला सुचत नाही. कृष्णेवर पौषात उतरते तसे धुके, फक्त त्रिकोणी, आणि फूस असा बारीक आवाज करून नाहीसे होणारे. मी भान हरपून बोट पुढे केले.

"हाथ झन लगाबे, दीदी!" साहूजी ओरडले. "चमड़ी के भीतर घुस जाथे."

एवढे कोमल दिसणारे धुके कातडी भेदून आत शिरते, हे मला माहीत नव्हते. मी हात पदरात गुंडाळून घेतले. दुसऱ्या आणि चौथ्या नोझलातूनही धुकेच आले. तिसऱ्यातून मात्र एक जाड थेंब ओघळला, त्यामागे दुसरा. नळ नीट बंद न झाल्यासारखा. ते तेल जळत नव्हते, नुसते गळत होते, आणि सुनंदाच्या दोरीवरच्या कपड्यांत जाऊन बसत होते.

पल्लवीने टर्बोचा विषय काढला. साहूजींनी डोके हलवले. त्यांच्या छत्तीसगढीमिश्रित हिंदीतून मला समजले ते असे. टर्बो चांगला, पण तो धडधाकट इंजिनाला. ज्याचे एक अंग लुळे आहे त्याला पळायला लावून काय होणार? पंपाचा स्क्रू फिरवून जास्त तेल सोडता येते. त्याने काळा धूर निघतो, इंजिन तापते, आणि जोर वाढल्याचा भास होतो. मग ते उठले, बाहेर जाऊन जीपभोवती फिरले आणि त्या भल्यामोठ्या चाकांपाशी थांबले.

"ये किसका शौक है?"

पल्लवी चाकांकडे पाहू लागली. तिचे कान लाल झाले होते.

"चाक जितकं मोठं, तितकं एका फेऱ्यात जास्त अंतर," जुनी नोझले तात्पुरती बसवून घराकडे निघाल्यावर ती मला म्हणाली, आता पूर्ण मराठीत, कबुलीजबाब देताना माणूस आपल्या भाषेत येतो तशी. "म्हणजे इंजिनाले तितकाच जास्त भार. मी रोज डब्यांची चाकं पाहते, मले हे माहीत होतं. पण दिसाले भारी दिसत होती ना, मावशी." घरी पोचताच तिने शेडमधून जुनी अरुंद चाके बाहेर काढली आणि स्वतः बदलली. नट कसताना बाप-लेकीतल्या एकाने पाना पुढे केला की दुसऱ्याने घेतला.

संध्याकाळी साहूजींनी घरी येऊन नवे नोझल बसवले, झडपांमधले अंतर जुळवले, हवेची जाळी झटकून साफ केली. इंजिन सुरू झाले. मी फाटकापाशी होते. चार चरण, समसमान, एकाच वजनाचे. जणू ओवीने श्लोकाचे रूप घेतले.

मी साहूजींना विचारले, "ताकद किती वाढली?"

"नवा ताकत नइ डारेंव, दीदी," ते हात पुसत म्हणाले. "जेन गँवाय रहिस, तेने ल लहुटा देंव."

नवे काही घातले नाही, हरवले होते तेवढेच परत दिले. आमच्या समीक्षेच्या पुस्तकांत हे इतक्या थोड्या शब्दांत कुठे सांगितलेले मला आढळलेले नाही.

रविवार, टेकडी

टेकडीच्या पायथ्याशी पळस होता, अजून फुलायचा. त्याखालच्या सपाट दगडाकडे सुनंदाने एकदा पाहिले आणि तोंड फिरवले. तिथे बसून तिने दोन वर्षे डबा खाल्ला होता. हवाघरातली सात-आठ म्हातारी माणसे लहान गाड्या खाली लावून, काठ्या टेकत चढू लागली होती. त्यांनी भाऊजींना हात केला, भाऊजींनीही. एवढ्या अंतरावरून ते काय बोलले असतील ते मला कळले नाही, पण सगळे हसले.

स्टिअरिंगवर भाऊजी बसले. कानाची मशीन धुळीने बिघडेल म्हणून घरीच ठेवली होती. जीप जोमाने निघाली, वाटेतल्या मोठ्या लाल धोंड्यापर्यंत गेली, तिथे घरघरली आणि बंद पडली. नेमकी त्याच ठिकाणी, जिथे गेली दोन वर्षे पडत होती.

सुनंदाने दाराच्या कडीला हात घातला. "मी उतरते. तुमी जा वर. वसूले दाखवा."

"तू नाही उतरायचं," भाऊजी म्हणाले.

पल्लवी मागच्या बाजूने उतरून खिडकीशी आली. तिने वडिलांचा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाली, "बाबा, गाडीत दम हाय. पण ती थकते तवा आधी आवाज करते. तो ऐकून गिअर खाली घ्यावा लागते. तुमाले तो ऐकू येत नाही."

बापाने लेकीकडे पाहिले. मग त्यांनी किल्लीवरून हात काढला, खाली उतरले आणि दार तिच्यासाठी उघडे धरले.

तिने घाई केली नाही. चाकांतली थोडी हवा सोडली, म्हणजे रबर मुरमाला पसरून धरील. दुसरी, आखूड गिअरकांडी ओढून सर्वांत हळू आणि सर्वांत जोराचा गिअर घातला. भांडी उतरवली, वरून आलेल्या दोन काकांनी ती उचलली. मीही उतरू लागले तेव्हा सुनंदाने माझा हात धरला. "वसू बसन माझ्यासंगं. तिचं वजन ते काय, एका कवितेएवढं."

भाऊजी पुढे चालत गेले आणि चढावर, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी हात उचलले. हवाघरात, जिथे शब्द कोणालाच ऐकू जात नसत, तिथे शिकलेली ती भाषा मी पहिल्यांदा पाहत होते. बोटाने हवेत वर्तुळ: ये. तळहात खाली, हलकेच दाबल्यासारखा: सावकाश. डावे बोट किंचित: चाक इकडे, या दगडावर. मूठ: थांब. तुटक हालचाल एकही नव्हती. नर्तकाच्या मुद्रांइतकी निःसंदिग्ध, पण कष्टाच्या वजनाची. आणि पल्लवी, जी लहानपणापासून या हातांखाली वाढली, ती प्रत्येक खूण पुरी होण्याआधी पाळत होती.

जीप चढू लागली. लाल धोंड्यापाशी इंजिनाचा स्वर एकदम खाली उतरला. पल्लवीचा पाय हलकेच दाबला गेला. चारही आघात दाट झाले, एकमेकांना खांदा देत. मुरूम चाकांखालून घसरला, सुनंदाची बोटे माझ्या मनगटात रुतली. भाऊजी मागे मागे पावले टाकत वर जात होते, तळहात आमच्याकडे पसरून, जणू दोरीने ओढत आहेत. धोंडा खिडकीशी आला, मागे पडला. सुनंदाने वळून त्याच्याकडे पाहिले आणि त्याला चक्क जीभ दाखवली.

वर सपाट माळ होता, चुलीचा निळा धूर होता, आणि दूर क्षितिजाशी पेन्सिलीने ओढल्यासारख्या प्लांटच्या चिमण्या. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक काका म्हणाले, "या, वहिनी या! दोन वर्ष डबा पोचवून आमचे पाय दुखले." सुनंदा म्हणाली, "दुखूच दे. त्या डब्यात मीठ नव्हतं." पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली अंगाकर रोटी तिने स्वतःच्या हाताने फोडली. वरचे कवच खरपूस, आत मऊ वाफ. त्यावर लाल मिरचीचा ठेचा आणि भाजलेले वांगे. आमच्याकडच्या हुरड्याची आठवण व्हावी, आणि तरीही काहीच त्याच्यासारखे नसावे, अशी ती चव होती.

जेवण झाल्यावर मी सुनंदाला म्हणाले, "एक ओवी म्हण." ती आढेवेढे घेईल असे वाटले होते. पण ती जीपच्या पायरीवर बसली, प्लांटच्या चिमण्यांकडे तोंड करून, आणि तिथल्या तिथे जुळवीत गाऊ लागली:

लाल मुरमाचा गड
गुडघे झाले जड
धीर धरून चढ
बाई माझे

आवाज थोडा चिरकत होता, पण तिच्या आईच्या जात्याची घरघर त्यात तशीच होती. भाऊजी तिच्या पाठीमागे उभे होते. ती पाठमोरी असल्याने तिचे ओठ त्यांना दिसत नव्हते. इतरांच्या स्तब्ध चेहऱ्यांवरून त्यांना कळले की ती गात आहे. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले, आणि बॉनेटवर ठेवतात तसा आपला रुंद तळहात तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, अलगद ठेवला. ती दचकली नाही. तिने तेच कडवे पुन्हा घेतले. ते डोळे मिटून, मान किंचित कलती करून, शेवटचा आखूड चरण संपेपर्यंत तसेच उभे राहिले.

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरोबर हाय, वसूताई. चारही चालून राहिले."